समोरच्या घराचं ताट

भाड्यानं जागा देण्याआधी लोक नोकरीचं पत्र मागतात, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागतात. सिस्टरनी मला विचारलं, "करंजीला मुरड घालता येते का?"

कॅनडातल्या किचनरला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. पुण्याहून इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आलो होतो. ऑफिसातल्या एकानं सांगितलं की एका मराठी बाईंच्या बेसमेंटमध्ये जागा आहे. मराठी म्हटल्यावर मी दाराला तोरण, देवघरात समई अशी काहीतरी कल्पना करून गेलो. दारावर लाकडी क्रूस होता. दार उघडणाऱ्या बाई पाच फुटांच्या आतल्या, गुडघ्यापर्यंतचा पुरुषी स्वेटर घातलेल्या, आणि छातीवर नर्सेसचं असतं तसं उलटं घड्याळ टाचलेलं.

"नमस्कार आंटी, ते बेसमेंट..."

"आंटी नाही. मी कुणाची आंटी नाही. सिस्टर म्हणायचं." आणि मग तो मुरडीचा प्रश्न.

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या नजरेपुढे जमेना. "नाही येत," मी म्हटलं. "घरी मी फक्त खायचो."

"शिकशील?"

"शिकेन."

"मग ये आत. चोवीस डिसेंबरला रजा काढायची. एवढी एकच अट."

अटी पुढे बऱ्याच निघाल्या. बूट दारातल्या ट्रेमध्येच, तेही टाचा भिंतीकडे करून. पंखा लावल्याशिवाय फोडणी नाही. सर्दी झाली तर कळवायचं, लपवायची नाही. बेसमेंटमध्ये माझ्याआधीपासून नागपूरचा एक इंजिनिअर राहत होता. सिस्टर आम्हाला नावानं हाक मारत नसत. तो नागपूरकर आणि मी पुणेकर, जसे वॉर्डातले तीन नंबर आणि चार नंबर.

त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. मिशनच्याच दवाखान्यात नर्सिंग शिकल्या आणि सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर कॅनडात आल्या. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, ती दूर पश्चिमेकडे सस्काटूनला युनिव्हर्सिटीत शिकवायची. हॉस्पिटलची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण वॉर्ड काही सिस्टरच्या अंगातून गेला नव्हता.

पहाटे पाचला त्या बर्फ शोव्हल करायला बाहेर पडत. आम्ही अंथरुणात असताना डोक्यावर फावड्याचा खरखर आवाज यायचा आणि आम्हाला लाज वाटायची. एकदा मी उठून गेलो. ड्राइव्हवे साफ झाला होता, तेवढ्यात नगरपालिकेची गाडी आली आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून गेली. मी शिवी दिली. सिस्टरनी फावडं उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नागपूरकरला कशालाही "होऊन जाईल" म्हणायची सवय होती. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "आपोआप फक्त ताप चढतो. बाकी सगळं करावं लागतं."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घरात नाताळ शिरायचा. आधी चांदणी. बांबू मिळत नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाच्या बारीक काठ्या आणायच्या, त्यांची पाच टोकांची चांदणी बांधायची, वर लाल-पिवळा कागद आणि त्यावर प्लास्टिक, कारण बर्फ. ती समोरच्या मेपलच्या फांदीला टांगली जायची. आजूबाजूला हवा भरलेले सँटाक्लॉज डुलत असत. "तो लाल डगल्यातला म्हातारा आमच्याकडे नव्हता," सिस्टर म्हणायच्या. "आमच्याकडे नाताळच्या आदल्या दिवशी अंगण सारवायचे. माझे वडील पेटी गळ्यात अडकवून पुढे आणि आम्ही मागे टाळ वाजवत, गावभर गाणी म्हणत फिरायचो. प्रत्येक घरी करंजी. पाटलाच्या घरीसुद्धा."

गावातल्या त्या फेरीचं इथे सिस्टरनी ताटांमध्ये रूपांतर केलं होतं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. आमच्या रस्त्यावर वीस घरं, आणि चोवीस तारखेला अंधार पडायच्या आत वीस ताटं पोचली पाहिजेत.

करंज्यांची पद्धत कडक होती. लाटलेल्या पाऱ्या ओल्या कापडाखाली. भरलेल्या करंज्या दुसऱ्या ओल्या कापडाखाली, ओळीनं, एकीचं अंग दुसरीला लागू न देता. मुरड सुटलेली दिसली की त्या म्हणत, "ही ॲडमिट." ती करंजी वेगळ्या ताटलीत जायची, तिच्या कडेला पाण्याचं बोट लागायचं, आणि पुन्हा मुरड. माझ्या पहिल्या वर्षी माझ्या सगळ्याच्या सगळ्या ॲडमिट झाल्या होत्या.

पुण्याला आईला हे फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "अरे, नाताळबिताळ ठीक आहे, पण ते बाप्तिस्मा का काय म्हणून पाण्यात वगैरे उतरायला सांगतील. उतरू नकोस हं." फोन स्पीकरवर होता आणि सिस्टर मागे उभ्या होत्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सिस्टरनी फोन हातात घेतला. "ताई, सलाम. तुमच्या मुलाला मी फक्त पिठात उतरवलंय. मला एक सांगा, चकलीच्या भाजणीला तुम्ही डाळी कशा घेता? माझी चकली दोन वर्षं झाली मऊ पडतेय." अर्धा तास बोलणं चाललं. कॉलिंग कार्ड संपलं तेव्हाच थांबलं. पुढे आई मला फोन करायची तो सिस्टरशी बोलण्यासाठी. त्या दोघी कधी भेटल्या नाहीत.

आता समोरच्या घराबद्दल सांगायला हवं.

समोर एक जर्मन वंशाचा म्हातारा एकटा राहायचा. फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, उंच, किंचित वाकलेला, कुणाशी बोलत नसे. वीसपैकी एकोणीस घरं ताट घेत. काही जण तर बदल्यात केक किंवा जॅमची बाटली देत. समोरच्या घरी शेवटी जायचं असे, आणि तिथे सिस्टर स्वतः जात. बाकीची ताटं कागदी, पण हे मात्र स्टीलचं. पहिल्या वर्षी मी सोबत गेलो. बेल वाजवली. दार उघडलं. सिस्टर म्हणाल्या, "मेरी ख्रिसमस." म्हाताऱ्यानं ताटाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, आणि म्हणाला, "नो, थँक यू." दार बंद झालं. सिस्टर वळल्या आणि चालू लागल्या. त्या ताटातल्या करंज्या मग आम्ही घरी खाल्ल्या.

"कधी घेतो का हा?" मी विचारलं.

"नाही."

"किती वर्षं झाली?"

"तीसेक."

"मग कशाला जाता?"

"त्यानं नाही म्हणायचं, मी न्यायचं. ज्याचं काम त्यानं करावं."

मला ते उत्तर पुरलं नाही, पण त्यांनी विषय संपवला होता.

माझ्या तिसऱ्या डिसेंबरात, पहिल्याच आठवड्यात, सिस्टर ड्राइव्हवेवर घसरून पडल्या. पावसाचं पाणी रात्रीत गोठलं होतं आणि वर भुरभुर बर्फ. आम्ही ऑफिसात होतो. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा धावत गेलो. उजवं मनगट मोडलं होतं, कोपरापर्यंत प्लास्टर. त्या पलंगावर बसून नर्सला प्लास्टरची कड कशी गुळगुळीत करायची ते सांगत होत्या.

"कुणी उचललं तुम्हाला?" नागपूरकरनं विचारलं.

"समोरचा आला. अंगावर ब्लँकेट टाकलं, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत शेजारी उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. दात वाजत होते."

सस्काटूनहून मुलगी आली. आम्ही तिला ताई म्हणायचो. चाळिशीची, आईपेक्षा फूटभर उंच, आणि हट्टाला आईएवढीच. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीतून द्यायची. आल्या दिवशी तिनं घर फिरून पाहिलं, जिने, बाथटब, ड्राइव्हवे, आणि संध्याकाळी जेवताना स्वच्छ सांगितलं की हे घर आता विकायचं. तिच्या कॉन्डोत एक खोली रिकामी आहे. यंदा फराळ वगैरे काही नाही.

सिस्टर डाव्या हातानं भात खात होत्या. अर्धा भात ताटाबाहेर जात होता. "यंदाही वीस ताटं जातील," त्या म्हणाल्या.

"मम्मी, यू हॅव वन हँड."

"चोवीसला अंधार पडायच्या आत वीसच्या वीस पोचली, तर मी इथेच राहीन आणि तू परत हा विषय काढायचा नाहीस. एक जरी राहिलं, तर येते तुझ्याबरोबर. घर विकून टाक."

ताईनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही वरणाकडे पाहिलं.

"फाइन," ती म्हणाली. "पण मी मदत करणार नाही."

बेसमेंटमध्ये उतरल्यावर नागपूरकर म्हणाला, "घर गेलं तर आपण कुठं जाऊ?" मला त्याहून वेगळं काहीतरी वाटत होतं. तो बाईंचा डावा हात, भाताचा घास धरू न शकणारा, डोळ्यांपुढून जाईना. मी म्हटलं, "आपण दोघं करू. होऊन जाईल." आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली.

तेवीस तारखेला सकाळी सिस्टर स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसल्या, डाव्या हातात लाकडी चमचा. त्यांनी दाखवायचं, आम्ही करायचं. चकल्या निभावल्या. शंकरपाळे वेडेवाकडे पण खमंग झाले. दुपारी करंज्या घेतल्या. पहिला घाणा तेलात सोडला आणि तीन करंज्या एकदम फुटल्या. सारण तेलात पसरलं, जळलं, धूर झाला, आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. नागपूरकर टॉवेल फडकवत खुर्चीवर चढला. मी खिडकी उघडली. बाहेरची उणे पंधराची हवा आत आली आणि ओल्या कापडाखालच्या पाऱ्या कडक झाल्या.

ताई वरून धावत आली. तो गोंधळ पाहून ती दारात उभी राहिली. अलार्म थांबल्यावर शांतपणे म्हणाली, "बस झालं ना आता?"

"तेल बदला," सिस्टर म्हणाल्या. "पीठ पुन्हा भिजवा. मोहन कमी पडलंय, कडकडीत घाला. आणि मुरड नीट घाला, फक्त दाबू नका."

"मम्मी, का? कुणासाठी?" ताईचा आवाज चढला. मग ती बोलत गेली, अर्धं इंग्रजीत, अर्धं अडखळत्या मराठीत. सात वर्षांची असताना, या घरातल्या पहिल्याच नाताळला, समोरच्या घरी ताट तिच्या हातात होतं. त्या माणसानं नो, थँक यू म्हणून दार असं लावलं की ती दचकली आणि एक करंजी बर्फात पडली. ती तिनं वाकून उचलली होती. "आणि पुढच्या वर्षी तू मला परत नेलंस. त्याच्या पुढच्याही. शाळेतल्या मुली समोरून बघायच्या. मी घर सोडून गेले ना, त्याचं ते एक कारण होतं. दरवर्षी तो नाही म्हणताना बघायला तू मला उभं करायचीस."

आम्ही दोघं पीठ भिजवत होतो ते हात थांबले. निघून जावं तर दारात ताई उभी.

सिस्टरनी हातातला चमचा ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "तू ते दार लागताना पाहिलं होतंस. रात्रभर झोपली नाहीस. मला विचारलंस, आपण परत जायचं का? मी म्हटलं, जायचं. मी गेले नसते तर तू जन्मभर त्या बंद दारापाशीच राहिली असतीस. मला वाटलं, दार लागलं तरी आई परत जाते, हे तुला दिसायला हवं."

"मला फक्त ते दार दिसलं," ताई म्हणाली.

"ते मला कळलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती चूक माझी."

त्यांना कुठलीही चूक कबूल करताना मी तोवर ऐकलं नव्हतं. ताईनंही ऐकलं नसावं. ती सिंकपाशी गेली, हात धुतले, आणि माझ्या हातातून पारी घेतली. "कशी घालायची ही मुरड?"

"कड चिमटीत धर. अंगठ्यानं आत दुमड. आता पुढची."

"मी लहानपणी कधी शिकले नाही."

"तुला शिकायचं नव्हतं. असू दे. घट्ट धर, फाटत नाही ती."

ताईच्या पहिल्या पाच ॲडमिट झाल्या. सहावी पास झाली. संध्याकाळपर्यंत तिची मुरड माझ्यापेक्षा सरस यायला लागली, हे मी थोड्या दुःखानंच नोंदवतो. नव्या तेलात एकही करंजी फुटली नाही.

चोवीसला दुपारी मी आणि नागपूरकरनं मुलांची घसरगाडी आणली, तिच्यावर खोकी ठेवली आणि दोरीनं ओढत घरोघर गेलो. साडेतीनपर्यंत एकोणीस ताटं पोचली. उरलं ते स्टीलचं ताट. आभाळ भरून आलं होतं, आणखी तासाभरात अंधार. सिस्टर कोट घ्यायला उठल्या तशी ताई म्हणाली, "नाही. बाहेर बर्फ आहे. मी जाते."

आम्ही तिघं खिडकीत उभे राहिलो. ताईनं रस्ता ओलांडला, पायऱ्या चढली, बेल वाजवली. म्हाताऱ्यानं दार उघडलं. कॉलरची गुंडी लावलेला पांढरा शर्ट, भांग पाडलेला. दोघं काहीतरी बोलले. मग ताई ताट घेऊन तशीच परत आली. दारात तिला धाप लागली होती.

"काय म्हणाला?" सिस्टरनी विचारलं.

"त्यानं विचारलं, तुझी आई कुठे आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, बर्फामुळे आली नाही. तर म्हणाला, मी मीठ टाकलंय." ताई खिडकीपाशी गेली आणि बोट दाखवलं. "मम्मी, बघ."

आम्ही पाहिलं. एवढा वेळ लक्षात आलं नव्हतं. त्याच्या पायऱ्यांवर बर्फाचा कण नव्हता. पायऱ्यांपासून फुटपाथपर्यंत आणि तिथून थेट आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडापर्यंत, रस्ता ओलांडून, काळा ओला पट्टा होता. खरवडून, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेला. त्या वयाच्या माणसाला सगळी सकाळ लागली असणार.

सिस्टर म्हणाल्या, "कोट दे."

प्लास्टरचा हात बाहीत जाईना. ताईनं कोट नुसता खांद्यांवर टाकला आणि वरची गुंडी लावली. ताट सिस्टरनी डाव्या हातावर घेतलं. ताईनं दंड धरला. त्या काळ्या पट्ट्यावरून दोघी सावकाश गेल्या. म्हातारा दार उघडं टाकून उभाच होता, घरातली ऊब बाहेर घालवत.

सिस्टर शेवटची पायरी चढल्या. काहीतरी बोलल्या. ताट पुढे केलं. म्हाताऱ्यानं ताटाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, मग ताईकडे, जरा जास्तच वेळ. आणि मान हलवली, नाही.

"आयला," नागपूरकर म्हणाला. "अजूनही नाही!"

पण दार लागलं नाही. ताई काहीतरी म्हणाली, म्हाताऱ्यानं मान डोलावली, आणि त्या दोघी पायऱ्या उतरून रस्त्यावर येईपर्यंत तो चौकटीला धरून तसाच उभा राहिला.

ताई त्याला काय म्हणाली ते तिनं नंतर सांगितलं. "पुढच्या वर्षी येते." मग ती दर डिसेंबरला येत राहिली, सिस्टर त्या घरात होत्या तोवर. म्हाताऱ्यानं ताट शेवटपर्यंत घेतलं नाही, आणि पट्टा खरवडायचंही एकदाही चुकवलं नाही.

पण तेव्हा खिडकीतून आम्हाला दिसलं ते एवढंच. रस्त्याच्या मधोमध दोघी थांबल्या आणि वाद घालायला लागल्या. काय वाद, तेही नंतर कळलं. ताईचं म्हणणं, ताट परत आलं म्हणजे एकोणीसच झाली. सिस्टरचं म्हणणं, ताट पोचलं, घेतलं नाही ही गोष्ट वेगळी. पैज पोचवण्याची होती. हातवारे झाले. ताई आधी चिडली, मग एकदम हसायला लागली, इतकी की तिला आईच्याच खांद्याचा आधार घ्यावा लागला. मग तिनं ताटावरचा कागद काढला, एक करंजी उचलली, तिची मुरड नीट निरखून पाहिली आणि दाताखाली धरली. दुसरी आईच्या तोंडात दिली.

तेवढ्यात वळणावरून एक गाडी आली. सिस्टरनी कोटाखालून प्लास्टरचा हात वर काढला, ट्रॅफिक पोलिसासारखा, आणि गाडी थांबवली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. दिवे मंद केले आणि दोघींचं खाऊन होईपर्यंत तो थांबून राहिला.